पत्ता तोच, सर्व्हर नवा

पहाटे ५.००

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत थर्ड शिफ्ट अजून चालू आहे. भट्टीवरच्या माणसांना मेल लागत नाही. तो लागतो डिस्पॅचला, क्वालिटीला आणि गेटवर, आणि ती मंडळी सातला येतात. नेटवर्क बघणारा माझा सहकारी आणि मी, दोघांच्या हातात तेवढाच वेळ आहे.

सप्टेंबर २०२५ चा दुसरा सोमवार. शनिवारी अनंत चतुर्दशी झाली, मिरवणुका आटोपल्या, गावाला गेलेले लोक परतले. आज सगळे कामावर असणार आणि मला तेच हवं होतं. मेल सर्व्हरचा बदल रविवारी करायचा रिवाज आहे. या टप्प्यापुरता तरी तो मला पटत नाही. रविवारी बदल केला की सगळं सुरळीत दिसतं, कारण आत यायला कोणी नसतंच. मग सोमवारी सगळे एकदम येतात आणि तोवर आपण दमलेलो असतो. त्यापेक्षा पहाटे ताज्या डोक्याने बदल करावा आणि माणसं शिफ्टप्रमाणे थोडीथोडी येताना बघावीत.

हे जमतं ते कामाच्या क्रमामुळे. आज सकाळी एकही मेलबॉक्स हलणार नाही. चारशेच्या आसपास मेलबॉक्स आहेत, ते सगळे जुन्या एक्सचेंज २०१६ वरच राहतील. हलणार आहे ती फक्त लोकांची आत यायची वाट. नव्या सर्व्हरचा पुढचा भाग आलेल्या माणसाला ओळखतो, त्याचा मेलबॉक्स कुठे आहे ते ॲक्टिव्ह डिरेक्टरीला विचारतो आणि मागणी तिकडे पोचवतो. मेलबॉक्स जुन्या सर्व्हरवर असेल तर जुन्या सर्व्हरकडे. एक्सचेंज २०१० मध्ये या कामासाठी क्लायंट ॲक्सेस नावाचा वेगळा सर्व्हर उभा करता यायचा. २०१६ पासून ते काम मेलबॉक्स सर्व्हरच्याच पोटात गेलं, पण विभागणी कायम राहिली: बाहेरून येणारा ४४३ पोर्टवर दाखल होतो आणि पुढचा भाग त्याला आतल्या ४४४ वर नेऊन सोडतो. त्यामुळे सकाळी काही बिनसलंच तर वाट परत जुन्या सर्व्हरकडे वळवायला पाच मिनिटं पुरतात. आधी मेलबॉक्स हलवले असते तर ही सोय राहिली नसती.

५.२०

आमच्या साहेबांनी महिन्यापूर्वी विचारलं होतं की चालू असलेला सर्व्हर बदलायचा कशाला. त्यांना दिलेलं उत्तर आजही तेच आहे. एक्सचेंज २०१६ आणि २०१९, दोन्हींचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपतो. सुरक्षेचे नेहमीचे पॅच त्यानंतर येणार नाहीत. मार्च २०२१ मध्ये प्रॉक्सीलॉगन या नावाने ओळखली गेलेली भगदाडं जगभरच्या एक्सचेंज सर्व्हरवर वापरली गेली आणि त्यातलं पहिलं भगदाड नेमकं या पुढच्या भागात होतं, इंटरनेटला तोंड करून बसलेल्या ४४३ पोर्टमागे. ज्या दारातून आपली माणसं येतात त्याच दारातून चोर आले. पॅच न मिळणारं दार रस्त्यावर उघडं ठेवायला मी तयार नाही. ग्राहकांची ड्रॉइंग आमच्याच आवारात राहावीत असा करार असल्याने क्लाउडवर जाणं आत्ता शक्य नाही. म्हणून १ जुलैला बाजारात आलेली एक्सचेंज सर्व्हर सबस्क्रिप्शन एडिशन.

५.४०

शेवटची तपासणी. सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर होस्ट्स फाइलमध्ये एकच ओळ लिहिली आहे: मेलचं नाव तेच, आयपी नव्या सर्व्हरचा. साऱ्या जगासाठी ते नाव अजून जुन्या सर्व्हरकडे जातं, या एका लॅपटॉपसाठी नव्याकडे. त्यावर आऊटलुक उघडलं, ब्राउझरमधून वेबमेल उघडला, कॅलेंडरमध्ये कोण कधी मोकळं आहे ते पाहिलं, रजेचा ऑटो रिप्लाय लावून काढला. शेवटच्या दोन गोष्टी लोक तपासायच्या विसरतात. त्या वेब सर्व्हिसेसच्या वेगळ्या पत्त्यावरून चालतात, त्यामुळे मेल येतो-जातो आणि तरी कॅलेंडर मात्र कोरं दिसतं, असं होऊ शकतं.

सगळे पत्ते पुन्हा वाचले: वेबमेल, ॲड्रेस बुक, मॅपी, ॲक्टिव्हसिंक, ऑटोडिस्कव्हर. प्रत्येकात एकच नाव. सर्व्हरचं स्वतःचं मशीन-नाव कुठेही नाही. ऑगस्टमध्ये नवा सर्व्हर बसवला तेव्हा सेटअप संपताच पहिलं काम केलं ते हेच. बसल्या बसल्या नवा सर्व्हर ॲक्टिव्ह डिरेक्टरीत स्वतःची नोंद करतो आणि डोमेनमधली आऊटलुक त्या नोंदीकडे वळू लागतात. तिथे मशीनचं नाव आणि स्वतःच सही केलेलं सर्टिफिकेट दिसलं की ऐन दुपारी लोकांच्या स्क्रीनवर इशारे झळकतात. ती नोंद लगेच जुन्या नावावर आणली की कोणाला पत्ताही लागत नाही.

६.००

'मारू का, ताई?'

'मार.'

आतल्या डीएनएसमध्ये नावासमोरचा आयपी बदलला. या नोंदीचा टीटीएल शुक्रवारीच तासावरून पाच मिनिटांवर आणला होता, त्यामुळे ऑफिसचे संगणक जुना पत्ता पाच मिनिटांपेक्षा जास्त धरून ठेवणार नाहीत. बाहेरच्या जगासाठी डीएनएसला हात लावावा लागला नाही. पब्लिक आयपी तोच ठेवला, फायरवॉलमध्ये तो आत कुठे वळतो एवढंच बदललं. दोन्ही सर्व्हरवर एकच सर्टिफिकेट आहे, त्यामुळे ब्राउझरमध्ये उघड्या असलेल्या वेबमेललाही पुन्हा पासवर्ड मागितला जात नाही. आपण बदल केला आणि समोरच्याला तो कळलाच नाही, यात मला फार समाधान वाटतं. ज्याला ड्रॉइंगची नवी आवृत्ती उघडायची आहे त्याने सर्व्हरचा विचार का करावा?

६.१५

नव्या सर्व्हरचा लॉग उघडून बसलो. पहिल्यांदा फोन आले. माणसं झोपलेली असली तरी फोन सर्व्हरशी एक जोडणी धरून ठेवतात, नवा मेल आला की कळावं म्हणून. ती जोडणी काही मिनिटांनी संपते आणि पुन्हा बांधली जाते. पुन्हा बांधताना ते नव्या दाराशी येतात. एक, मग तीन, मग लॉग वाहू लागला. प्रत्येक ओळीच्या शेवटी २०० हा आकडा, म्हणजे मागणी पुरी झाली. मधूनच एखादा ४०१ येतो, तो पहिल्या ओळखपरेडीचा, त्यापुढे लगेच २०० दिसला की झालं. ज्याच्यापुढे नुसतेच ४०१ साचतायत तो अडलेला.

चहा प्यायला खाली गेलो नाही. वर मागवला.

७.१०

फर्स्ट शिफ्ट आली. डिस्पॅचचा पीसी चालू झाला आणि आऊटलुक निमूटपणे नव्या सर्व्हरवर आलं. गेटवरच्या सिक्युरिटीचा वेबमेल मात्र नव्या लॉगमध्ये दिसेना. तिथे फोन लावला तर मामा म्हणाले, 'मेल आलाय की ताई. गाडीचा नंबर बी आलाय, गाडी आत घेतली.'

चालू आहे आणि तरी नव्या लॉगमध्ये नाही, याचा अर्थ ते जुन्याच सर्व्हरवर जात आहेत. कधीतरी कोणी तरी त्या पीसीवर बुकमार्क करताना सर्व्हरचं मशीन-नाव टाकलं असणार. आज त्यांचं काहीच अडणार नाही. जुना सर्व्हर बंद करू त्या दिवशी अडेल, आणि तेव्हा गेटवर गाड्यांची रांग लागेल.

आजच्या दिवसाचं खरं काम इथे आहे असं मला वाटतं. नवा सर्व्हर नीट चालतोय की नाही हे पाच मिनिटांत समजतं. जुन्या सर्व्हरवर अजून कोण येतंय, हे कोणी सांगत नाही. त्यांची तक्रार नसते, त्यांचा फोन येत नाही. त्यांची नावं फक्त जुन्या सर्व्हरच्या लॉगमध्ये असतात. म्हणून आज मी दुसऱ्या स्क्रीनवर जुना लॉग उघडा ठेवला आहे आणि येणारा प्रत्येक आयपी वहीत उतरवते आहे. पहिली ओळ: गेट.

८.३०

क्वालिटीतून पहिली तक्रार. स्कॅनर मेल पाठवत नाही. साधी गोष्ट वाटते, पण या स्कॅनरवरून टेस्ट सर्टिफिकेट जातात, म्हणजे कास्टिंगची केमिस्ट्री आणि मजबुती दाखवणारे कागद. ते ग्राहकाला पोचल्याशिवाय माल हलत नाही, आणि खाली एक ट्रक भरून उभा आहे.

स्कॅनर जुना आहे. तो टीएलएस १.० बोलतो, १९९९ सालचं. २०२१ च्या मार्चमध्ये १.० आणि १.१ या दोन्ही आवृत्त्या अधिकृतपणे मोडीत निघाल्या आणि नवा सर्व्हर त्या ऐकतच नाही. नव्या सर्व्हरवर जुनं टीएलएस चालू करणं हा दोन मिनिटांचा उपाय होता. तो मी करणार नाही. एका स्कॅनरसाठी चारशे माणसांचं कुलूप ढिलं करायचं नसतं. स्कॅनरमध्येच एन्क्रिप्शन बंद केलं, तो साध्या २५ पोर्टवर आला. नव्या सर्व्हरवर रिले कनेक्टर जुन्याप्रमाणेच मोजक्या आयपींपुरता बांधलेला आहे आणि स्कॅनर, प्रिंटर यांचं नेटवर्क बाकीच्यांपासून वेगळं आहे. तात्पुरतं हे चालेल. नवा स्कॅनर घेण्याची मागणी त्याच टेबलावर बसून लिहिली, क्वालिटीच्या मॅडमची सही घेतली. ट्रक नऊच्या आत निघाला.

९.३०

ऑफिसचा मुख्य लोंढा. आऊटलुकमध्ये नव्वद टक्के लोकांना काही दिसलंही नसेल. ज्यांना दिसलं त्यांच्यापैकी एक प्रकार लिहून ठेवण्याजोगा आहे.

मार्केटिंगच्या एका साहेबांचा लॅपटॉप. पासवर्डची खिडकी येते, ते बरोबर पासवर्ड टाकतात, खिडकी परत येते. तिसऱ्या वेळी कोणालाही वाटतं की आपणच चुकतोय. त्यांनी पासवर्ड बदलून मागितला. मी थांबवलं. पासवर्ड बदलला असता तर फोनवरचा मेलही अडला असता आणि मूळ दुखणं तसंच राहिलं असतं. त्यांच्या लॅपटॉपवर घरच्या कोणी तरी घालून दिलेला अँटिव्हायरस होता आणि तो प्रत्येक सुरक्षित जोडणी मध्येच उघडून बघत होता. नव्या एक्सचेंजवर एक्स्टेंडेड प्रोटेक्शन मुळातच चालू असतं. ओळख पटवताना ते बघतं की आपण ज्या सुरक्षित जोडणीवर बोलतोय ती थेट त्या माणसापासूनची आहे का. मध्ये कोणी उघडझाप करत असेल तर ओळख नाकारतं. म्हणजे सर्व्हर आपलं काम चोख करत होता. अँटिव्हायरसमधली ती तपासणी बंद केली, आऊटलुक उघडलं. कंपनीच्या लॅपटॉपवर कंपनीचाच अँटिव्हायरस हवा, हे त्यांना दुसऱ्या दिवशी सांगायचं ठरवलं. अडलेल्या माणसाला त्याच क्षणी नियम ऐकवण्यात अर्थ नसतो.

१०.१५

ईआरपी एका मेलबॉक्समधून पुरवठादारांची बिलं आयमॅपने ओढून घेतं. एक्सचेंजवर आयमॅपची सर्व्हिस मुळात बंद असते, ती चालू करून ठेवली होती. बिलं आली. पुढे.

१०.४०

मेंटेनन्सचे काका स्वतः वर आले. जिना चढून आले, हातात फोन.

'ताई, सकाळधरनं एक बी मेल आला न्हाई बघा. हिकडं काय बदल केलासा काय?'

काका कंप्रेसर आणि पाण्याच्या पंपांचे फोरमन. मशीन बंद पडलं की कंट्रोल पॅनेलमधून त्यांना मेल जातो. फोन अँड्रॉइड ४.४ चा. त्या आवृत्तीत टीएलएस १.२ असतं, पण आपणहून वापरलं जात नाही, ५.० पासून ते आपोआप होतं. स्कॅनरचं जे दुखणं तेच यांचं. फरक इतकाच की स्कॅनरला नवा येईपर्यंत थांबता येतं. काकांना थांबता येत नाही, कारण पंप थांबला की भट्टीचं पाणी थांबतं.

याद्या करताना माझ्याकडे फोनचं मॉडेल आणि आवृत्ती सर्व्हरच्याच नोंदींतून आली होती, त्यामुळे असे फोन कोणते ते आधी ठाऊक होतं. त्यासाठी कपाटात तीन हँडसेट तयार ठेवले होते. एक काढला. काकांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. पासवर्ड त्यांच्या लक्षात नव्हता, तो नवा करून दिला आणि त्यांच्याच हाताने दोनदा टाकायला लावला. अक्षरं मोठी केली, मेलची बेल त्यांना ओळखू येईल अशी लावली. जुन्या फोनमधलं मुलीच्या लग्नाचं फोटोंचं फोल्डरही नव्यात आणून दिलं. ते मेलच्या कामात बसत नाही, पण त्याशिवाय काकांनी जुना फोन सोडला नसता आणि दोन फोन सांभाळताना नेमका अलार्म दुसऱ्या फोनवर वाजला असता. अर्धा तास गेला. आजच्या दिवसात यापेक्षा महत्त्वाचा अर्धा तास दुसरा नव्हता.

११.३०

साहेबांचा फोन. 'झालं का गं?' वाट बदलली, अडलेले चौघे मोकळे झाले, मेलबॉक्स दुपारपासून हलतील, असं सांगितलं. जुन्या सर्व्हरचे लॉग वेगळ्या डिस्कवर उतरवायला लावले. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. सर्व्हर काढला म्हणून ते बंधन संपत नाही.

१२.३०

जर्मनीत नऊ वाजले. उन्हाळी वेळेत ते आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. तिकडच्या ग्राहकांचे मेल आमच्याकडे गेटवेमार्गे येतात आणि त्या वाटेला आज हात लावलेला नाही. ते तुंबले असते तरी बुडाले नसते, कारण पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवून सहसा चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो. आत यायची वाट मात्र अशी थांबत नाही. ती बंद पडली की माणूस त्याच क्षणी अडतो, म्हणून मी तिला इतकं जपते.

तिकडे असलेल्या आमच्या सेल्स इंजिनिअरने नवा लॅपटॉप घेतलाय आणि त्यावर खातं उघडताना भलत्याच सर्टिफिकेटचा इशारा येतोय. डोमेनबाहेरचा लॅपटॉप ॲक्टिव्ह डिरेक्टरीला विचारू शकत नाही. तो आधी कंपनीच्या मुख्य डोमेनवर ऑटोडिस्कव्हर शोधतो, आणि तिथे आमची वेबसाइट आहे, दुसऱ्याच होस्टिंगवर. ते होस्टिंग आपल्या परीने उत्तर देतं, म्हणून इशारा. मुख्य डोमेन वगळून थेट ऑटोडिस्कव्हरच्या नावाकडे जा, अशी रजिस्ट्रीतली एक नोंद त्याच्याकडून करून घेतली. फोनवर दहा मिनिटं. हा घोळ आजच्या बदलातून आलेला नाही, पण आज आला म्हणजे आजचाच.

२.००

डबा. भाकरी, झुणका, मिरचीचा ठेचा. अर्धा तास स्क्रीनकडे बघायचं नाही असं दोघांनी ठरवलं आणि पाळलं.

३.००

आता पहिले मेलबॉक्स. आधी आमच्या विभागाचे, मग अकाउंट्सचे. मेलबॉक्स हलताना माणूस काम करत राहू शकतो. मागे प्रत तयार होत असते, ९५ टक्क्यांवर ती थांबवून ठेवता येते आणि शेवटचा छोटा टप्पा आपल्या सोयीने पुरा करता येतो. तेवढ्याच वेळात मेलबॉक्स बंद असतो. मग आऊटलुक सांगतं की प्रशासकाने बदल केला आहे, बंद करून पुन्हा उघडा. हा संदेश घाबरवणारा आहे, म्हणून अकाउंट्समध्ये मी आधीच जाऊन सांगितलं: असं दिसेल, दिसलं की बंद करा, उघडा, बस्स.

कोणी कोणाबरोबर जायचं यावर मात्र मी आठवडाभर विचार केला. साहेब आणि त्यांचं कॅलेंडर सांभाळणाऱ्या मॅडम एकाच फेरीत. पर्चेसचा सामायिक मेलबॉक्स आणि तो उघडणारे सगळे एकाच फेरीत. आकाराने याद्या केल्या तर डिस्कचा हिशेब सुटसुटीत होतो आणि एकत्र काम करणारी माणसं दोन सर्व्हरवर विभागली जातात. नियमाप्रमाणे तसंही चालतं, पण एखादी परवानगी मधे अडकली की महिनाअखेरचं काम थांबतं. याद्या माणसांच्या कामाने कराव्यात.

५.४५

सेकंड शिफ्टच्या सुपरवायझरांचा एक घोळका येऊन विचारून गेला की त्यांचे मेलबॉक्स कधी. बुधवारी. त्यांना आवडलं की कोणी तरी आधी तारीख सांगितली.

७.००

वही उघडली. दिवसभरात जुन्या सर्व्हरवर आलेले आयपी: गेटचा पीसी, आयपीनेच जोडलेले दोन प्रिंटर, पॅटर्न शॉपचा एक जुना लॅपटॉप, आणि एक असा की जो कोणाच्याच यादीत नाही. दर दीड-दोन तासांनी येतो, एक मेल पाठवतो, जातो. सहकाऱ्याने स्विचवरून पोर्ट शोधला, पोर्टवरून केबल, आणि केबल निघाली वजनकाट्याच्या खोलीत. भंगार आणि पिग आयर्नच्या गाड्यांची वजनपावती तिथला छोटा संगणक अकाउंट्सला पाठवतो. काटा बसवणाऱ्याने त्यात सर्व्हरचा आयपी थेट लिहून ठेवला असावा, आणि तो बदलायचा पासवर्ड आमच्याकडे नाही.

गेटचा बुकमार्क आजच बदलला, मामांना उघडून दाखवायला लावला. प्रिंटर उद्या सकाळी. वहीतली यादी कोरी होऊन सलग दोन आठवडे जुन्या लॉगमध्ये कोणी दिसलं नाही, की मगच जुना सर्व्हर बंद होईल, आणि तोही १४ ऑक्टोबरच्या आत. वजनकाट्याच्या कंत्राटदाराला उद्या दहाला फोन.